चौदा काजांची मालिका

आक्काचा गुडघा डॉक्टरांनी उघडला, आतलं बदलायचं ते बदललं, पुन्हा शिवला आणि सहा आठवडे उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही असं बजावलं. पट्टी सोडली तेव्हा आक्काने शिवण नीट पाहून घेतली आणि म्हणाली, टाके सरळ आहेत, पण जरा विरळ पडलेत. डॉक्टरांना उभ्या जन्मात असं कोणी ऐकवलं नसेल. पण ऐकवणारी बाई पन्नास वर्षं कोटांची काजं करत आली होती. विरळ टाका तिला अंधारातही दिसला असता.

शाळा तिची तिसरीतच सुटली. वाचायची ते एकेका अक्षरावर बोट ठेवून. म्हणून तिला अडाणी म्हणायची छाती मात्र कोणाची झाली नाही. झाली असती, तर तो माणूस त्या दिवशी घरी कसा पोचला याची गोष्ट गल्लीने वर्षभर सांगितली असती.

घरात दोघीच. मुलगा बोटीवर इंजिनाच्या खोलीत, चार-चार महिने पाण्यावर. मागे आक्का आणि तिची सून. सून एका साप्ताहिकात कामाला होती. नऊ वर्षं तिने दुसऱ्यांच्या लेखांतल्या चुका निस्तरल्या, तेव्हा कुठे यंदा संपादकांनी तिला स्वतःचं अर्धं पान दिलं. पानाचं नाव 'घरबसल्या'. कोणी आजारी, कोणाचा पाय मोडलेला, कोणाच्या कडेवर तान्हं मूल. ज्यांना घरातून हलता येत नाही त्यांनी टीव्हीवर काय पाहावं, ते त्यात सांगायचं. पहिलं पान छापून आलं तेव्हा आक्काने ते गल्लीतल्या चारही मैत्रिणींना नेऊन दाखवलं होतं. तेव्हा गुडघा दुखत होता, तरी जिने चढून. सुनेला मात्र एवढंच म्हणाली होती, "फोटो बरा नाही आला."

आता गुडघ्याला सुट्टी होती, पण बोटांना नव्हती. शिंपीमास्तर कारखान्यातून कोटांचं गाठोडं घरी पाठवायचे. आक्का खिडकीशी खुर्ची ओढून, पाय स्टुलावर टाकून बसायची. समोर टीव्ही, मांडीवर कोट. खडूने खूण करायची, छोट्या कात्रीने चीर द्यायची आणि त्या चिरेच्या काठाने टाक्याला टाका लावत जायचं, की मुंगीलाही मधून वाट मिळू नये. मशीन हेच काम चुटकीसरशी करतं. पण ते आक्कासमोर बोलायचं नाही.

एका सकाळी सून स्वयंपाकघरात फोन स्पीकरवर ठेवून बोलत होती. भिंत एका विटेची, आणि आक्काचे कान शाबूत. पाच आठवडे झाले, पानाला वाचकांचं एक पत्र नाही, असं पलीकडून संपादक सांगत होते. म्हणजे एक आलं होतं, पण त्यात मालिकेची वेळ चुकलीय एवढंच होतं. आणखी तीन आठवडे पाहू, नाहीतर पान समीक्षकांकडे देऊ आणि सुनेने परत चुका दुरुस्त करायला बसावं. समीक्षक म्हणजे साप्ताहिकातलं मोठं प्रस्थ. दर मालिकेला ते तारे द्यायचे, कोणाला दोन, कोणाला पाच. आक्का त्यांना तारेवाले म्हणायची.

सून बाहेर आली ती हसरा चेहरा चढवून. आक्काने मान वर केली नाही. गाठ मारली, दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, परवाचा तुझा लेख वाचून दाखव.

सुनेला नवल वाटलं, पण तिने वाचला. चांगला मोठा होता. मानवी नात्यांच्या गुंतागुंतीचा बहुपदरी शोध होता त्यात, काळाच्या पटावर उमटलेली अस्वस्थता होती. वाचून संपला तशी आक्काने कोट उजेडात धरला.

"एक अख्खं काज आणि दुसऱ्याचा काठ," ती म्हणाली. "तुझ्या लेखात एवढं काम झालं माझं. सुई एकदासुद्धा थांबली नाही."

सून चिडली. लेखाचा आणि काजाचा काय संबंध, असं तिने विचारलं. मग आक्काने तिला जे सांगितलं ते आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. मालिकेचा एक भाग तासाभराचा. गोष्टीत दम नसला की हात आपले चालत राहतात, तासात चौदा काजं पडतात. गोष्ट बरी असली की डोळे वर जातात, सुई अडखळते, नऊ होतात. चांगली असली तर सहा. आणि तिनावर आली, तर चुलीवरचं दूध खाली उतरवूनच बसावं. दीपगृहात राहणाऱ्या दोघी बहिणींची मालिका आहे ना, ती पाचाची. जनावरांच्या दवाखान्याची आठाची, पण ज्या भागात गाय अडते तो भाग चाराचा.

"आणि तिनाच्या खाली?" सुनेने विचारलं.

आक्काने कपाटाकडे बोट केलं. खालच्या कप्प्यात, चादरीच्या मागे, कागदात गुंडाळलेलं आहे ते काढ म्हणाली.

आत गडद निळा कोट होता. सुनेने उलटापालटा करून पाहिला, तिला काही कळेना. आक्काने तिच्याकडे न बघता सांगितलं. पुरुषाच्या कोटाची काजं डाव्या पल्ल्याला, म्हणजे पुढच्या डाव्या अंगाला असतात. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ही चारही उजव्या पल्ल्याला आहेत. 'नववा साक्षीदार' चालू होती. तो साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून पाणी मागतो, आणि पाणी आणून देणाऱ्याचा हात बघून पेला खाली ठेवतो. तेव्हा आक्काने कात्री चालवली, आणि मालिकेचे पुढचे भाग संपेपर्यंत उरलेली तीनही त्याच बाजूला करत गेली. उसवलेला टाका परत घालता येतो, कापलेली चीर परत जोडता येत नाही. मास्तर आले, कोट पाहिला आणि मटकन खाली बसले. त्यांनी उरलेल्या कापडातून गिऱ्हाइकाला दुसरा कापून दिला, पण पन्नास वर्षांत आक्काच्या हातून घडलेली ही पहिली चूक. टाकून द्यायला मन होईना आणि दाखवायला तोंड नाही, म्हणून कोट चादरीच्या मागे.

सून आधी तोंडावर हात ठेवून हसली, मग हात काढून हसली. किती दिवसांनी हसत होती कोण जाणे.

"आक्का, हे मी छापू?"

आक्का म्हणाली, माझी अब्रू काय रद्दीत घालतेस? सून कोट परत कागदात गुंडाळू लागली. आक्काने दुसऱ्या सुईत दोरा ओवला, पहिल्याच झटक्यात, चष्म्याशिवाय. मग म्हणाली, "छापायचं तर कोटासकट छाप. अर्धी लाज झाकून दुसरी अर्धी काय वाऱ्यावर सोडायची?"

पुढच्या अंकात 'घरबसल्या'मध्ये ना मानवी नाती होती ना काळाचा पट. मालिकेचं नाव, आणि पुढे काजं किती. तळाला निळ्या कोटाची हकिगत, जशी सांगितली तशी. आठवडा संपायच्या आत अकरा पत्रं आली. कंबर धरलेल्या एका न्हाव्याने लिहिलं की त्याच्या हाताला घरी काम नाही, म्हणून तो वस्तरे परजत मालिका बघतो, आणि साक्षीदार पाहून झाल्यावर वस्तरा होता तितकाच बोथट निघाला. बाळंतीण असलेल्या एका मास्तरीणबाईने विणकामाच्या ओळी कळवल्या. पाय प्लास्टरमध्ये असलेल्या एका लॉरीवाल्याकडे हातात घ्यायला काहीच नव्हतं, म्हणून तो बिस्किटं मोजत होता. ज्या मालिकेपायी बिस्कीट चहात बुडवलेलं तसंच विरघळून गेलं ती मालिका उत्तम, असा त्याचा निकाल. पत्रं सुनेने घरी आणून वाचून दाखवली. आक्का म्हणाली, न्हाव्याला सांग, वस्तरा परजताना वर बघत जाऊ नकोस, अंगठा जाईल.

दुसऱ्या आठवड्यात पत्रं तिप्पट झाली. आणि तिसऱ्या आठवड्यात माशी शिंकली.

'शांततेचे सात थर' नावाची नवी मालिका आली होती. गावभर तिच्या पाट्या. साप्ताहिकातही तिची पानभर जाहिरात, आणि शेजारच्या पानावर तारेवाल्यांचे पाच तारे. सहावा असता तर तोही दिला असता, असं त्यांनी लिहिलं होतं. आक्काने ती पाहिली. एक माणूस खिडकीतून बाहेर बघतो. मग त्याची बायको त्याच्याकडे बघते. मग दोघं मिळून एका रिकाम्या खुर्चीकडे बघतात. आक्काची चौदा काजं झाली. शेवटी काज करायला जागा उरली नाही म्हणून तिने एक बटणही लावलं.

सुनेने निकाल लिहून पाठवला आणि तासाभरात संपादकांचा फोन आला. मालिकावाल्यांना हे खपणार नाही, तारेवाल्यांच्या तर नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. कोटाला भोकं पाडणाऱ्या बाईने कलेचा निकाल लावावा काय, असं ते सगळ्यांच्या देखत म्हणाले होते. एकतर आकडा बदला, नाहीतर पान या आठवड्यापासूनच त्यांच्याकडे जाईल.

सून आक्काच्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली. बराच वेळ पडद्याची दोरी बोटाला गुंडाळत होती.

"आक्का, नऊ लिहिलं तर चालेल का?"

आक्काने सुई कापडात टोचून ठेवली. हे ती सहसा करत नसे.

"चौदा झाली आहेत. ती बघ, कोटांवर आहेत, मोजून घे. आता नऊ करायची तर पाच उसवावी लागतील, आणि उसवलेलं भोक कोण घालणार अंगात? त्या बिस्किटवाल्याने तुझ्यावर भरवसा ठेवलाय. त्याला घरात बसून दुसरं आहे काय?" वर म्हणाली, "नऊ वर्षं तू लोकांच्या चुका काढल्यास. आता जाणूनबुजून एक घालणार?"

सुनेने दोरी सोडली. नाही घालणार, म्हणाली. आवाज तिचा बारीक होता, पण सरळ होता.

"मग त्या दोघांना रविवारी दुपारी घरी बोलाव. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

ते आले. संपादक गोल चेहऱ्याचे, दारातच चपला कुठे काढू म्हणून गोंधळलेले. त्यांच्यामागे तारेवाले, उंच, गळ्यात मफलर, खोलीत अशी नजर फिरवत होते की जणू हिलाही तारे द्यायचेत. ते म्हणाले, नमस्कार आजी. आक्का म्हणाली, आजी तुमच्या घरी असतील, इथे मी आक्का, बसा.

बसले. मग आक्काने दोघांच्या पुढ्यात काम ठेवलं. संपादकांना बटणांचा डबा. त्यात पन्नास वर्षांची बटणं, लहान-मोठी, दोन भोकांची, चार भोकांची, सगळी एकात एक. ती वेगवेगळ्या वाट्यांत निवडायची. तारेवाल्यांना कोटाची एक बाही. पक्की शिवण घालायच्या आधी शिंपी लांब-लांब पांढरे कच्चे टाके घालतो, ते मागाहून काढून टाकावे लागतात. ते काढायचे. शिकाऊ पोरीसुद्धा हे पहिल्या दिवशी करतात.

तारेवाल्यांनी बाही दोन बोटांत धरली. आपण मालिका एकाग्रतेने पाहतो, हातात काम घेऊन नाही, असं ते म्हणाले. आक्का म्हणाली, मग सोपंच आहे की. एकाग्र झालात तर हात आपोआप थांबतील, बाही आहे तशी परत द्या, मी चौदाचा एक करते आणि तुमच्या पानाला हार घालते. यावर संपादक त्यांच्याकडे बघायला लागले, तेव्हा नाही कसं म्हणणार?

सुनेने 'शांततेचे सात थर' लावली. माणूस खिडकीतून बघू लागला. पहिली दहा मिनिटं तारेवाले ताठ बसले होते, बाहीला हात नाही. संपादकांनी मात्र एक बटण उचललं, मग दुसरं. बायको नवऱ्याकडे बघू लागली तोवर एक वाटी भरत आली होती. खुर्ची आली तेव्हा ते पुटपुटत होते, चार भोकांचं, चार भोकांचं, दोन. तारेवाल्यांच्या बोटांनी कधी एक टाका ओढला ते त्यांनाही कळलं नसेल. एक निघाला की पुढचा आपसूक सैल होतो, त्या कामाची गंमतच तशी आहे. सून पडद्याकडे बघत नव्हतीच. ती हात घट्ट मिटून त्या बाहीकडे बघत होती. आक्का कोणाकडेच बघत नव्हती. तिचं आपलं काज चाललं होतं.

पाऊण तास झाला. पडद्यावर बायकोने एक मोठा सुस्कारा सोडला, आणि त्या शांततेत तारेवाल्यांनी डोळे न उचलता हात पुढे केला.

"दुसरी बाही आहे का?"

संपादकांच्या हातातलं बटण वाटीत पडलं, त्याचा टिंग असा आवाज झाला. तारेवाल्यांनी आपल्या मांडीकडे पाहिलं. तिथे पांढऱ्या दोऱ्यांचा सशाएवढा ढीग जमला होता, आणि बाही स्वच्छ झाली होती, एकही टाका मागे न राहता.

आक्काने बाही घेतली, उजेडात धरून तपासली. "काम छान आहे हो तुमचं," ती म्हणाली. "मास्तरांना सांगू का, एक जागा आहे कारखान्यात."

संपादक हसू आवरायला खिडकीकडे वळले. पण आक्काला एवढ्यावर सोडायचं नव्हतं. निम्मं शिवून उठणारी ती नव्हे. तिने दुसरी बाही तारेवाल्यांच्या हातात दिली आणि सुनेला 'नववा साक्षीदार' लावायला सांगितलं, कोटाचा भाग. तारेवाल्यांनी ही मालिका दोन ताऱ्यांवर वाटेला लावली होती, तीही पहिला भाग अर्धा बघून. आता त्यांनी दोन टाके ओढले. तिसरा ओढायला बोट घातलं, आणि साक्षीदार पिंजऱ्यात आला. ते बोट तसंच टाक्यात अडकून राहिलं. साक्षीदाराने पाणी मागितलं. पेला आला. त्याने हात पाहिला. संपादकांच्या मुठीत बटणं होती, ती मुठीतच राहिली. भाग संपला तरी दोघं तसेच.

"तो हात ड्रायव्हरचा," तारेवाले हळूच म्हणाले. मग सुनेकडे वळून, अगदी शेजारच्या पोरासारखं, "पुढचा भाग आहे ना?"

पुढचे तीन भाग झाले. मधे चहा झाला तो सुनेने केला, आणि तिचंही लक्ष नसल्यामुळे साखरेविना झाला, तरी सगळ्यांनी पिऊन टाकला. जाताना तारेवाले मफलर खुर्चीवरच विसरले. परत आले घ्यायला, तेव्हा आक्कासमोर जरा घुटमळले आणि म्हणाले की वीस वर्षांत त्यांनी एकही मालिका घड्याळ न बघता पाहिली नव्हती. तारे देता देता आपण काय बघतोय ते बघायचंच राहून गेलं. आक्काला या माणसाला आणखी दोन टोमणे मारायचे होते, तयारही होते. पण तिने ते गिळले. पडलेल्यावर घाव घालायची तिची रीत नव्हती. उभ्या माणसावर घालायला तिला आवडायचं.

अंक निघाला. 'शांततेचे सात थर', काजं चौदा, बटण एक. मालिकावाले रागावले खरे, पण चारच दिवस. आपली किती होतात ते बघायला घरोघर लोकांनी तीच मालिका लावली, आणि पुढच्या आठवड्यात तिच्या जाहिरातीला 'घरबसल्या'च्याच शेजारची जागा हवी असं त्यांनी स्वतःहून कळवलं. संपादकांनी सुनेला अर्ध्याचं पूर्ण पान दिलं. तारेवाल्यांनी त्यात पहिलं पत्र लिहिलं, नाव घालून. सात थर: एक अख्खी बाही. साक्षीदार: दोन टाके.

त्या संध्याकाळी आक्काने निळा कोट काढायला लावला. सुनेला उभी केली, खांद्याला टाचण्या लावल्या, कमरेत आत घेतला, डाव्या पल्ल्याला चार बटणं लावली. बाईच्या कोटाची काजं उजव्याच बाजूला असतात, हे तर तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. पण त्या कोटाकडे सरळ बघायची तिची तयारी आता झाली. सुनेने घालून बटणं लावली. काज इतकं नेमकं की बटण आत गेल्याचं बोटालाही कळू नये.

"कसा दिसतो?"

"चुकलेला कोट आहे," आक्का म्हणाली. "नीट चाल त्यात."

सहा आठवडे पुरे झाले तसे डॉक्टरांनी तिला बाहेर पडायची परवानगी दिली. अंक यायचा दिवस होता. सून निळा कोट घालून कधीच कामावर गेली होती, संध्याकाळी अंक घरी आणणारच होती. पण आक्काने काठी घेतली आणि एकटीच कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडे निघाली. वाटेत कोणी विचारलं गुडघा कसा आहे, तर म्हणाली, बघा चालतोय, मला काय विचारता. दुकानाशी पोचली, दम घेतला आणि साप्ताहिक मागितलं.

पेपरवाल्याने हात झटकले. संपलं म्हणाला. सकाळी नऊलाच संपलं. ते काजांचं पान आल्यापासून उरतच नाही, दुप्पट मागवतो तरी पुरत नाही.

"एकही नाही?"

"एकही नाही हो, आक्का. उद्या पुन्हा मागवतो."

आक्काने तोंड भरून त्याला झापलं. धंदा करतोस की थट्टा, माणूस सहा आठवड्यांनी घराबाहेर पडलं आणि रिकाम्या हाताने परत जायचं का, इथपासून त्याच्या फळीवरच्या धुळीपर्यंत काही सोडलं नाही. पेपरवाला बिचारा मान हलवत राहिला. मग ती वळली आणि मुद्दाम लांबच्या रस्त्याने, गल्लीतल्या त्या चौघी मैत्रिणींच्या दारांवरून, हातात काहीही नसताना, सगळ्यांना ते दाखवत घरी आली.